'बाबांचा संसार' आणि मिळवत्या मुली : एक पुनर्वाचन

गेल्या श्रावणात आमच्या मंडळाच्या वाचनबैठकीसाठी विभावरी शिरूरकर यांचा 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह निवडला होता. ग्रंथालयातील प्रत जुनी, पाने पिवळी पडलेली, शिवण सुटलेली; तरी ती आठ-दहा घरांतून फिरून आली. बैठकीत चर्चा अपेक्षित मार्गाने चालली होती. १९३३ साली हा संग्रह प्रसिद्ध झाला तेव्हा केवढे वादळ उठले, टोपणनावामागे कोण आहे याचा शोध कसा चालला, प्रौढ अविवाहित मुलींच्या मनातील गोष्टी इतक्या उघडपणे लिहिणे त्या काळी किती धाडसाचे होते, हे सारे मुद्दे येऊन गेले. तेवढ्यात मागच्या ओळीत बसलेल्या आमच्या एका ज्येष्ठ सभासद भगिनींनी एक प्रश्न विचारला. छत्तीस वर्षे शिक्षिकेची नोकरी करून त्या निवृत्त झालेल्या आहेत. या मुलींच्या पगाराचे पुढे काय होत असे, याविषयी कोणीच कसे बोलत नाही, असे त्यांनी विचारले.

प्रश्न साधा होता, पण उत्तर कोणापाशीच तयार नव्हते. घरी येऊन आम्ही या संग्रहावर पूर्वी वाचलेले लेख पुन्हा चाळले. त्यांत लेखिकेच्या धीटपणाचा गौरव आहे, स्त्रीमनाच्या कोंडमाऱ्याची चर्चा आहे, तंत्राविषयी कमी-अधिक अभिप्राय आहेत. पगाराचा उल्लेख जवळजवळ नाही. मराठी समीक्षेने या कळ्यांचे निःश्वास ऐकले, परंतु त्यांच्या पहिल्या तारखेचा हिशोब पाहिला नाही. हा हिशोब पाहिल्यावाचून पुस्तकाचा अर्थ पुरा लागत नाही, असे आमचे मत झाले आहे. प्रस्तुत लेख त्या मताच्या समर्थनार्थ आहे.

संग्रहातील एका कथेचे नावच मुळी 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' असे आहे. मराठी कथेच्या इतिहासात इतके थेट आर्थिक शीर्षक क्वचितच आढळेल. तरीही ते आजवर भावनेचा उद्गार म्हणूनच वाचले गेले आहे. वास्तविक हा मालकीचा प्रश्न आहे. शिकलेली मुलगी नोकरी करते, तिच्या मिळकतीवर वडिलांच्या घराचा गाडा चालतो, आणि गाडा चालतो म्हणूनच तिच्या लग्नाची घाई कोणास नसते. तिने राबावे तो संसार बाबांचा, आणि ज्याला ती आपला म्हणेल तो दृष्टिपथातही नाही, असा हा पेच आहे. 'संसार' या मराठी शब्दात भांडी-कुंडी, मुलेबाळे, देणेघेणे आणि मानमरातब ही सारी एकत्र येतात. त्या शब्दाला 'बाबांचा' हे षष्ठीचे विशेषण लावून लेखिकेने त्याचे दोन तुकडे केले आहेत: श्रम एकाचे, स्वामित्व दुसऱ्याचे.

हा पेच १९३३च्या सुमारासच का उभा राहिला, हे समजण्यास थोडे मागे जावे लागते. आपल्या पांढरपेशा समाजात घराबाहेर पडून पगार मिळविण्याची मुभा प्रथम विधवांना मिळाली. महर्षी कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. पुढे हिंगण्यास त्याचे जे कार्य वाढले, त्याचा मोठा हेतू विधवांना स्वतःच्या पायांवर उभे करणे हा होता. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली शिक्षिका व परिचारिका तयार होऊ लागल्या. कर्वे यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले या स्वतः विधवा होत्या. संस्थेसाठी निधी मिळवावा म्हणून त्या अमेरिकेपर्यंत गेल्या आणि तेथे घरकाम करून राहिल्या. 'माझी कहाणी' या त्यांच्या आत्मचरित्रात हे सारे त्यांनी सांगितले आहे.

या स्त्रियांच्या कमाईस समाजाने विरोध केला, तरी कुटुंबाने तिच्यावर फारसा दावा सांगितला नाही. कारण कुटुंबाने त्यांना हिशोबातून आधीच वजा केले होते. सासरी त्यांचा वाटा नव्हता, माहेरी त्या भार मानल्या जात. त्यांनी मिळविलेला रुपया हा कोणाच्या तरी डोक्यावरील ओझे हलके करणारा होता, म्हणून तो चालून गेला. १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढील पंधरा वर्षांत निराळ्या मुली नोकरीत येऊ लागल्या. या अविवाहित होत्या, वडील हयात असलेल्या होत्या, आणि पाठीवर शिकावयाची भावंडे असलेल्या होत्या. विधवेचा पगार ही तिची सुटका होती, कुमारिकेचा पगार ही घराची सोय झाली. विभावरीबाईंनी, म्हणजेच त्या वेळच्या बाळूताई खरे व पुढील मालतीबाई बेडेकर यांनी, नेमके हे स्थित्यंतर टिपले. त्या स्वतः हिंगण्याच्या परंपरेत शिकल्या होत्या, शिक्षणक्षेत्रात नोकरी करीत होत्या आणि पुस्तक निघाले तेव्हा अविवाहित होत्या. त्या ज्या मुलींविषयी लिहीत होत्या, त्या त्यांच्या आसपास वावरत होत्या.

हे वर्णन वाचताना आमच्यासारख्या महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या घरांना काही परके वाटू नये. आपले पूर्वज इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे आले ते फौजेच्या किंवा दरबारच्या चाकरीनिमित्त. त्या चाकरीवर घराणी उभी राहिली, आणि पुढे बापामागून मुलगा दफ्तरात चिकटे. मुलींच्या शिक्षणाला मात्र आपल्या संस्थानांत लवकर वाट मिळाली. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदे संस्थानात मुलामुलींचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, ही गोष्ट तर सर्वश्रुत आहे. पुढे १९४८-४९ मध्ये संस्थाने विलीन झाली. अनेक घरांतील दरबारी नोकऱ्या संपल्या, इनामे गेली, वडीलधाऱ्यांना तुटपुंज्या पेन्शनीवर बसावे लागले. अशा वेळी घर सावरले ते बहुधा थोरल्या मुलीने. ती कन्याशाळेत लागली, टेलिफोन कचेरीत किंवा टपालखात्यात लागली, पुढे बँकेत गेली. आपल्यापैकी प्रत्येकाच्या नात्यात अशी एक आत्या किंवा मावशी असतेच. तिने भावांच्या फिया भरल्या, धाकटीचे लग्न केले आणि स्वतः राहून गेली. 'राहून गेली' हे क्रियापद आपण असे वापरतो, जणू त्या राहण्यात कोणाचाच हात नव्हता.

आमच्या सभासद भगिनींची कथा अशीच आहे. त्यांच्या अनुमतीने ती थोडक्यात सांगतो. वडिलांची संस्थानातील नोकरी गेली तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. मॅट्रिक होताच त्या शाळेत लागल्या. पहिला पगार त्यांनी देवापुढे ठेवला, तेथून तो वडिलांनी उचलला, आणि पुढे अनेक वर्षे तीच रीत चालू राहिली. दोन भाऊ इंजिनीअर झाले. वडील कोणाजवळही मुलीच्या नोकरीविषयी बोलत नसत, आणि कोणी बोललेच तर तिला घरात बसून कंटाळा येतो म्हणून ती जाते, असे सांगत. त्या म्हणाल्या की, वडिलांच्या या उत्तराचे वाईट त्यांना तेव्हा वाटले नाही, पुष्कळ वर्षांनी वाटले.

या उत्तरात प्रश्नाचे मर्म आहे. लेकीच्या पैशावर जगणे ही आपल्याकडे बापास लाजिरवाणी गोष्ट मानली गेली. म्हणून तो पैसा घ्यायचा, परंतु त्याचे नाव काढायचे नाही, असा संकेत रूढ झाला. मुलगा पैसे देतो तेव्हा तो 'घर चालवितो', आणि मुलगी तेवढेच पैसे देते तेव्हा ती 'हातभार लावते'. ज्याची नोंद नाही त्यावर हक्कही सांगता येत नाही. अमर्त्य सेन यांनी १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात हाच विचार अर्थशास्त्राच्या अंगाने मांडला आहे. कुटुंबात सहकार्य असते आणि हितसंबंधांचा संघर्षही असतो. कोणाच्या वाट्यास काय येणार हे ठरताना, कोणी प्रत्यक्षात किती भर घातली याइतकेच, ती भर घातल्याचे घरात कितपत मानले जाते यालाही महत्त्व असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. सेन यांचा निबंध वाचताना आम्हांस पुन्हा त्या कथेच्या शीर्षकाची आठवण झाली. सत्तावन्न वर्षांपूर्वी एका मराठी शिक्षिकेने हाच मुद्दा एका प्रश्नार्थक वाक्यात मांडला होता.

तुलनेसाठी बंगालकडे पाहणे उपयुक्त ठरेल, कारण फाळणीने तेथील मध्यमवर्गावर हाच प्रसंग अधिक निष्ठुरपणे आणला. ऋत्विक घटक यांच्या 'मेघे ढाका तारा' (१९६०) या चित्रपटातील नीता ही कलकत्त्याजवळील निर्वासितांच्या वस्तीत राहणारी थोरली मुलगी. वडील शिक्षक, भाऊ गाण्यात रमलेला, धाकटी बहीण नटवी, धाकटा भाऊ खेळाडू. सारे तिच्यावर अवलंबून. चित्रपटाच्या आरंभी तिची चप्पल तुटते, आणि पगाराच्या दिवशी घरातील प्रत्येकाची मागणी पुढे येते. तिचा नियोजित वर तिच्या धाकट्या बहिणीशी लग्न करतो. आईचे या प्रकरणातील वर्तन आम्हांस फार बोलके वाटते. ती माता दुष्ट नाही. मिळवती मुलगी घरातून गेली तर चूल विझेल, एवढेच तिला दिसते. अखेरीस क्षयाने ग्रासलेली नीता डोंगरातील रुग्णालयात भावापाशी आपल्याला जगायचे होते असा टाहो फोडते, तेव्हा तो टाहो कोणा एका खलपुरुषाविरुद्ध नसतो.

सत्यजित राय यांच्या 'महानगर' (१९६३) मध्ये, नरेंद्रनाथ मित्र यांच्या कथेवरून घेतलेल्या, हीच कहाणी सुनेच्या बाजूने येते. आरती घरोघर जाऊन विणकामाची यंत्रे विकते. निवृत्त शिक्षक असलेल्या सासऱ्यांना ते रुचत नाही. तिच्या मिळकतीपेक्षा ते आपल्या जुन्या विद्यार्थ्यांपुढे हात पसरणे पत्करतात. नवराही तिला नोकरी सोडण्यास सांगतो. मात्र त्याची बँक बुडते त्या दिवशी तो घाईघाईने तिला राजीनामा देऊ नकोस म्हणून कळवितो. स्त्रीने नोकरी करावी की करू नये, याचा निर्णय तत्त्वावर होत नाही, घरातील पुरुषाच्या पगारावर होतो, हे इतक्या मिस्किलपणे दुसऱ्या कोणी दाखविले असेल असे आम्हांस वाटत नाही. पुढे आरती राजीनामा देते तो एका अँग्लो-इंडियन सहकारिणीवरील अन्यायामुळे. तो तिचा स्वतःचा निर्णय असतो. नीतेला एकही निर्णय स्वतःचा घेता आला नव्हता. विभावरीबाईंच्या नायिका या दोघींच्या मधे कोठेतरी उभ्या आहेत. त्यांना प्रश्न विचारता येतो, उत्तर मात्र अजून देता येत नाही.

येथे कोणी म्हणेल की, कुटुंब काय मुलींनाच बांधते? मुलांना नाही? हा आक्षेप रास्त आहे. आनंद यादव यांचे 'झोंबी' (१९८७) हे आत्मचरित्रात्मक लेखन त्याचा सर्वोत्तम दाखला ठरेल. कागलच्या त्या मुलाला वडील शाळेतून काढतात आणि शेतात जुंपतात. स्वतः गावात हिंडता यावे म्हणून बापाला पोराचे हात हवे असतात. मुलगा आईला विश्वासात घेतो, दोघे मिळून गावातील वजनदार गृहस्थांकडे जातात, ते बापाला सुनावतात, आणि सकाळी शेतकाम व त्यानंतर शाळा असा तह ठरतो. हा प्रसंग आमच्याकडील मुलांना ठाऊक आहे, कारण 'जूझ' या नावाने तो बारावीच्या हिंदी पाठ्यपुस्तकात आला आहे. मराठी न वाचणारी आमची नातवंडे आनंद यादवांना हिंदीतून भेटतात, हीही आमच्या परिस्थितीची एक खूण म्हणावी लागेल.

'झोंबी' वाचताना आमचे मन त्या मुलाच्या बाजूने उभे राहते, आणि ते योग्यच आहे. तथापि या तहाचे स्वरूप नीट पाहावे. मुलाच्या शिक्षणासाठी आई नवऱ्याशी कपट करण्यास तयार होते, गावातील प्रतिष्ठित माणूस मध्यस्थी करतो, मास्तर पाठीशी उभे राहतात. मुलाचा झगडा बापाशी आहे, परंतु सारे जग हळूहळू त्याच्या बाजूस येते. अशाच घरातील मुलीसाठी असा तह घडवून आणावा, असे त्या गावात कोणाच्या मनात आले असते काय? आणि मुलगा शाळेत बसला असता त्याच्या वाटचे काम कोणाच्या अंगावर पडत होते? 'झोंबी'वरील पुष्कळ लेखन आम्ही वाचले. त्यात हे प्रश्न फारसे आढळले नाहीत.

भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'तील (१९६३) पांडुरंग सांगवीकराचे उदाहरण याहून निराळे आहे. तो वडिलांच्या पैशावर पुण्यास शिकतो, सहा-सात वर्षे घालवितो, आणि काही न मिळविता गावी परततो. वडिलांशी त्याचे पटत नाही. घराचा त्याला जाच होतो. तरी परतावयास घर असते, शेत असते, जेवणाचे ताट असते. मुलाला कुटुंब बांधते हे खरे, पण त्याला अपयशाचीही सवड देते. मिळवत्या मुलीला ही सवड नव्हती. तिची नोकरी गेली असती तर ती पुन्हा भार ठरली असती. हा भेद ध्यानात घेतल्यास 'कळ्यांचे निःश्वास' आणि 'कोसला' ही पुस्तके शेजारी ठेवून वाचता येतात, आणि दोन्ही अधिक उजळतात.

परंतु विभावरीबाईंच्या पुस्तकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. शिकलेली मुलगी कमावू लागली ही त्यांच्या वर्गातील नवी घटना होती. ज्या घरांत स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या राबूनच खाल्ले, तेथे तिच्यात नवे काही नव्हते. ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान' (२००३) या आत्मकथनाचे नावच आईच्या हातातील कामावरून आले आहे. कोकणात बांबूच्या कांबींनी विणलेल्या सुपे-टोपल्यांना आयदान म्हणतात. नवरा गेल्यावर आई आयदाने विणते आणि मुलांना शिकविते, कारण शिक्षक असलेल्या नवऱ्याची तशी अखेरची इच्छा असते. त्या शिक्षणावर मुलगी सरकारी नोकरी मिळविते. पुढे लग्नानंतर ती एम.ए. करते, लिहू लागते, चळवळीत जाते, आणि त्याबरोबर घरातील ताण वाढत जातो. बायकोने नोकरी करणे नवऱ्याला चालते, नोकरीपलीकडे तिने वाढणे त्याला सोसत नाही. येथे प्रश्न पगाराच्या पुढे, वेळेच्या मालकीवर गेला आहे.

बेबी कांबळे यांची गोष्ट याच दिशेची आहे. फलटणला त्या आणि त्यांचे पती मिळून छोटे दुकान चालवीत. दुकानात बांधणावळीस येणारी रद्दी वाचीत वाचीत त्यांनी लिहिण्याचे धाडस केले, आणि ते लेखन त्यांनी कित्येक वर्षे नवऱ्यापासून लपवून ठेवले. तेच 'जिणं आमचं' (१९८६). दुकानाच्या गल्ल्यावर बसण्याचा अधिकार त्यांना होता, पण वही उघडपणे बाळगण्याचा नव्हता. विभावरीबाईंनाही आपल्या मर्यादेची जाणीव झाली असावी. १९३०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी सोलापूरला तथाकथित गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत नोकरी केली, आणि त्या अनुभवातून 'बळी' (१९५०) ही कादंबरी लिहिली. लेखिका 'कळ्यां'च्या जगापलीकडे गेली. आम्ही वाचक मात्र तिला त्या एका पुस्तकात बसवून मोकळे झालो.

हा सारा इतिहास झाला, आता मुली विमाने चालवितात, असे आमच्या तरुण मंडळींस वाटणे स्वाभाविक आहे. सरकारी पाहणीप्रमाणे पंधरा वर्षांवरील स्त्रियांचे श्रमबलातील प्रमाण २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होते, ते २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाले. वाढ मोठी आहे. परंतु काम करणाऱ्या म्हणून मोजल्या जाणाऱ्या या स्त्रियांत घरच्या शेतीत किंवा दुकानात बिनपगारी मदत करणाऱ्यांचा वाटाही मोठा आहे. म्हणजे नोंद झाली, हाती पैसा आला नाही. २०१९ सालच्या वेळवापराच्या पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाचे सरासरी २९९ मिनिटे त्यात गेल्याचे, तर असे काम करणाऱ्या पुरुषांचे ९७ मिनिटे गेल्याचे दिसले. मिळवती स्त्री घरी येते ती दुसऱ्या पाळीवर.

आणि आमच्या बेळगावकडील वाचकांना तर याहून कठोर दृश्य दरवर्षी दिसत असेल. मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात व उत्तर कर्नाटकात येतात. तेथे नवरा-बायकोच्या जोडीस मिळून 'एक कोयता' म्हणतात. उचल जोडीची असते, ती ठरते मुकादम आणि नवरा यांच्यात. एकट्या मुलाला अर्धा कोयता म्हणून कमी उचल मिळते. म्हणून मुलाचे लग्न हंगामापूर्वी उरकण्याकडे कल असतो, आणि त्यासाठी कोणा कोवळ्या मुलीची शाळा सुटते. येथे लग्न हीच नोकरीची अट झाली आहे. 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' असे विचारण्याइतकीही फुरसत त्या मुलीला मिळत नाही. तिच्या हाताचा ऊस आमच्या चहात उतरतो, एवढे तरी आम्ही विसरू नये.

कायदा या काळात बराच पुढे गेला. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलासारखाच जन्मसिद्ध वाटा दिला, आणि २००५ साली वडील हयात असणे आवश्यक नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. तरी हक्कसोडपत्र नावाचा कागद आपल्या घरांतून नाहीसा झालेला नाही. भाऊबीजेच्या ताटाशेजारी तो अजूनही ठेवला जातो आणि बहिणी त्यावर सही करतात, कित्येकदा न वाचता. आमच्या सभासद भगिनींनीही केली. त्या म्हणाल्या की, पुस्तकातल्या मुलीसारखा प्रश्न त्यांना कधी पडला नाही, कारण बाबांचा संसार खरोखरच त्यांचा झाला होता, घर मात्र झाले नाही. त्यांच्या भविष्यनिर्वाह निधीवर वारस म्हणून भाच्याचे नाव आहे, आणि ते त्यांनी स्वखुशीने घातले आहे.

या 'स्वखुशी'पाशी समीक्षकाने थांबून विचार करावा, असे आम्हांस वाटते. त्या भगिनींना कोणी बिचारी म्हटलेले मुळीच खपणार नाही. भावंडांवर त्यांचे प्रेम होते आणि आहे. भाऊ आजही त्यांना विचारल्यावाचून काही करीत नाहीत. हे प्रेम खोटे ठरवून, सारे काही शोषण होते असा निकाल देणारी समीक्षा आम्हांस मान्य नाही. पण प्रेम होते म्हणून हिशोब विचारूच नये, हेही मान्य नाही. विभावरीबाईंच्या कथांचे मोठेपण असे की, त्यांत बाबा वाईट नाहीत आणि मुलगी कृतघ्न नाही, तरीही प्रश्न उरतो. दोघेही चांगले असताना अन्याय घडतो, कारण तो रीतीत असतो. हे दाखविण्यासाठी कथाच लागते, पाहणीच्या आकड्यांना ते साधत नाही.

म्हणून आमची सूचना एवढीच की, यापुढे आपण कुटुंबाविषयीची कोणतीही मराठी कादंबरी वा आत्मचरित्र वाचताना काही साधे प्रश्न सोबत ठेवावेत. शाळेत कोण गेले, कोणाच्या पैशाने गेले, त्या वेळी घरातील काम कोणी केले, मिळकत कोणाच्या हाती पडली, आणि अखेरीस दारावर नाव कोणाचे लागले. अनेक गाजलेली पुस्तके या प्रश्नांपुढे थोडी खुजी ठरतील, आणि काही दुर्लक्षित पुस्तके मोठी होतील. 'कळ्यांचे निःश्वास' हे त्यांत पहिले ठरेल, अशी आमची खात्री आहे.

पुढील बैठकीसाठी 'आयदान' निवडले आहे. त्या बैठकीस येताना सभासदांनी आपल्या घरातील नोकरी केलेल्या एका तरी आत्येची, मावशीची किंवा आजीची माहिती लिहून आणावी: ती कोठे लागली, किती वर्षे काम केले, पगार किती होता आणि तो कशासाठी खर्च झाला. आपल्या घराण्यांच्या वंशावळी आपण जपून ठेवल्या आहेत, कोणता पूर्वज कोणत्या स्वारीत होता हे आपणांस ठाऊक असते. या स्त्रियांची नोंद मात्र कोणत्याही कागदावर नाही. ज्या भगिनींनी तो प्रश्न विचारला, त्यांनी आपले पान लिहून आमच्याकडे दिले आहे. त्यात पहिला पगार, रुपये आणि आणे यांच्यासह, त्यांना अजून अचूक आठवतो.